पितरांची फाईल

(दुपार. प्रणयचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.)

भावना : हे काय झालं, प्रणयदादा? सगळे चौकोन न् काटे दिसतात. बाबांनी मराठीत टाईप केलेलं.

प्रणय : फाईल जशीच्या तशी हाय गो. पण तो टायपिंगचा प्रोग्रॅम जुना. मागच्या आठवड्यात तुमच्या कॉम्प्युटरला नवी सिस्टीम टाकली ना, तिच्यावर तो चालतच नाय.

भावना : टाकायला सांगितलं कुणी? मी नुसता पंखा साफ करायला दिलेला!

प्रणय : चांगलं करायला गेलो. पैसे पण नाय घेतले.

कमळाबाई : चांगलं करायला गेलास न् आमचे पितर दाराबाहेर ठेवलेस. आज माझ्या लेकाची, प्रणितची हळद. चारला धवलेरीण मांडवात बसंल. ती गाण्यात एकेका पितराला नाव घेऊन बोलावते. एक नाव राहिलं तरी तो उपाशी परत जातो.

प्रणय : काकी, तुमाला पाठ नसतील का?

कमळाबाई : सात पिढ्या? मी म्हसा गावची, लग्न होऊन इकडं आलेली. यांनी म्हाताऱ्यांना विचारून विचारून जमवली. वहीला वाळवी लागली म्हणून यात उतरवली. आता ते म्हातारे नायत न् हेही नायत.

भावना : मग जुनी सिस्टीम परत टाका ना.

प्रणय : तिची सीडी लागते. बाजारात आता मिळत नाय.

भावना : तुमच्याकडं खोकाभर होत्या!

प्रणय : होत्या. दिवाळीत दुकान साफ केलं, तेव्हा बारकूला दिल्या.

भावना : बारकूभाऊ काय करतो सीड्यांचं?

प्रणय : काकडीच्या मळ्यात टांगल्यात त्यानं. उन्हात चमकतात, पाखरं बसत नायत.

कमळाबाई : अरे देवा! माझा जीव वरखाली होतोय न् हा पाखरं सांगतोय.

भावना : बाईक काढा. मी मागं बसते. उठा!

(तीन वाजून गेलेत. तेच दुकान.)

प्रणय : बत्तीस उतरवल्या, त्यातली एक चालली. बारकू बोलला, पाखरं आली तर तुझ्या दुकानात सोडीन.

भावना : उघडा आधी. मांडवातनं चार फोन आले.

प्रणय : उघडतो गो... आली. बघ. या खेपेला जे चालतं ते चालू दे, मी हात लावणार नाय. न् हा खोका आता इथंच राहील.

भावना : धाऊ... हिरू... पदू... आई, सगळे हायत! चांगो, गणू, नामा. शेवटी जानूआजोबा.

कमळाबाई : सासरे माझे. पुढं?

भावना : पुढं काय नाय. संपलं.

प्रणय : प्रिंट काढू?

भावना : थांबा. आई... बाबा कुठं हायत यात?

कमळाबाई : स्वतःचं नाव पितरांत कसं लिहितील गो? जित्ते होते तेव्हा.

प्रणय : मी टाकतो. काकांचं नाव काय होतं? मी आपला काकाच म्हणायचो.

भावना : आई, मी सांगते. तू नको.

कमळाबाई : नाय, मीच सांगते. चाळीस वर्सं संसार केला, तोंडानं कधी नाव घेतलं नाय. आज मी नाय घेतलं तर ते लेकाच्या हळदीला यायचे कसे? लिही पोरा. राघो.