माझ्या सुनेचे जंतू

मी शेवंता. माहेर मंठ्याकडचं, जालना जिल्हा, आनि सासरबी तिकडचंच, पन काय सांगू तुम्हाला ताई, सासरी मी नांदलेच नाही, लग्न झालं आनि लगेच नवऱ्यानं मला गोवंडीला आनलं. तवा ह्या बिल्डिंगी नव्हत्या. पत्र्याची खोली, आनि वारा कचऱ्याच्या डोंगराकडून सुटला की डंपिंगचा असा वास यायचा की मी पदर नाकाला बांधून भाकऱ्या थापायची. रडायची. नवरा म्हनायचा, होईल सवय. झाली की. आता गावचा पाव्हना नाकाला रुमाल लावतो तवा मलाच वाटतं, ह्याला काय झालं?

नवरा भंगाराच्या गोदामात गाठोडी उचलायचा. धडधाकट मानूस. त्याला खोकला लागला तवा आमचा संदेश शाळेत जात व्हता. दवाखान्यात छातीचा फोटो काढला, बेडका तपासला, टीबी निघाला. गोळ्या चालू झाल्या. आता हे नीट ऐका. त्यानं गोळ्या खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या. मी समोर उभी राहून खायाला लावल्या, उलटी झाली तरी लावल्या. बरा झाला, कामावर गेला, आनि वर्स जातंय न जातंय तर परत तोच खोकला. डॉक्टर माझ्यावरच वराडले, तुम्ही लोक गोळ्या बुडवता आनि मग इथं येता. मी म्हनलं, साहेब, नाही बुडवल्या. कोन ऐकतंय. त्या खेपेला तो वाचला नाही. मानूस गेला त्याचं दुख तर हायेच, पन मी खोटी ठरले ना, ते लई वर्सं आत सलत राहिलं.

मग मी घाटकोपरला एका नर्सिंग होममधी आया म्हनून लागले. बाळंतिनींचं सगळं करायचं, बाळांना आंघोळी घालायच्या, मालिश करायची. संदेश शिकला, लिफ्टच्या कामाला लागला, मालाडकडं टावरच्या लिफ्टा दुरुस्त करतो. त्याच्या लग्नाचं निघालं तवा मुलुंडचं स्थळ आलं. प्रज्ञा तिचं नाव. पोरगी बघायला गेलो तर आमच्या भाऊजींनी विचारलं, काय शिकती? ती म्हनली, पीएचडी करते, टीबीच्या जंतूंवर. ताई, सगळे चहा पिता पिता थांबले. तिची आई मधीच म्हनली, म्हंजे कॉलेजच हो, लग्नानंतर काय ते बघता येईल. तर ही म्हनती, नाही आई, लग्नानंतर पण करणार, आत्ताच सांगून ठेवते.

भाऊजी उठायच्या बेतात व्हते. मी म्हनलं, थांबा. मी तिला विचारलं, बाई, सगळ्या गोळ्या खाल्लेला मानूस परत आजारी कसा पडतो गं? तिनं माझ्याकडं बघितलं. म्हनली, आत्या, तेच तर शोधतोय. नीट कुणालाच माहीत नाही अजून. बघा, येवढी शिकलेली, पन माहीत नाही म्हनली. तुम्हीच बुडवल्या असतील असं नाही म्हनली. मी घरी येऊन संदेशला सांगितलं, मला ही पोरगी पाहिजे. तो हसला, म्हनला, मला विचार ना, मलापण पाहिजे.

लग्न झालं, वर्स-दीड वर्सात नात झाली, मैत्री तिचं नाव. आनि तिथं खरी पंचाईत. प्रज्ञाची रजा संपत आली, नात काय बाटली तोंडात घेईना. चमच्यानं दिलं तर थुंकायची. तिचे सर म्हनले, वर्षभर घरी बस, घाई काय आहे? पन ते जंतू लई हळू वाढतात म्हने, हिनं महिनोन्महिने जपलेले, ही घरी बसली की सगळं पहिल्यापासून, नाहीतर दुसऱ्या कोनाच्या हाती. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हनली, सोडते आत्या. मी म्हनलं, दूध पाजायचंच हाये ना? मी घेऊन येते की तिला. नर्सिंग होमचं काम मी तसंबी सोडलं व्हतं, गुडघे बोलायला लागले व्हते.

मग काय, रोज पोरीला कडेवर घ्यायची, बस पकडायची. तिची लॅब चेंबूरच्या पलीकडं. फाटकावरचा रखवालदार आत सोडंना, म्हनला, मावशी, बच्चा अलाउड नाही. मी समोर बस स्टॉपच्या बाकड्यावर बसायची. प्रज्ञा पळत यायची, रखवालदाराच्या चौकीमागं ओढनी घेऊन पाजायची, परत पळत जायची. ऊन असं की नात लाल व्हायची.

तिथल्या एक मोठ्या बाई, बारीक कापलेले पांढरे केस, त्यांनी गाडी थांबवली. म्हनल्या, आजी, रोज दिसता, कुणासाठी बसता? मी सांगितलं. त्या गाडीतून उतरल्या. मग म्हनल्या, माझ्या वेळी माझ्यासाठी असं कुणी बसलं नाही हो. सहा वर्षं घरी होते. परत आले तर माझ्याबरोबरची मुलं साहेब झाली होती. आनि मला हाताला धरून आत नेलं, रखवालदार बघत राहिला.

पन लगेच सगळं झकास झालं असं समजू नका. हापिसातला एक साहेब म्हनला, हे काय पाळणाघर आहे का? बाई त्याच्याशी लई भांडल्या, महिना-दोन महिने भांडल्या, तवा एक खोली मिळाली. मोडक्या खुर्च्या आनि बंद पडलेला फ्रीज ठेवलेली. प्रज्ञाच्या मैत्रिनींनी सुट्टीच्या दिवशी धुतली, पडदा लावला. खोली लॅबपासून लांब, दुसऱ्या बाजूला.

आनि तिथं बसतोय न बसतोय तर मैत्रीला खोकला लागला. कोरडा. रात रात. संदेश नुसता पेटला. माझ्या बापाला खाल्लं त्या जंतूनं, म्हनला, आता माझ्या पोरीला आणून दे. प्रज्ञा म्हनली, मी ज्यावर काम करते तो त्या जंतूचा भाऊबंद आहे रे, त्यानं माणूस आजारी पडत नाही, लग्नाआधीच तुला समजावलंय. समजावलं व्हतं. पन खोकल्याचा आवाज आला ना ताई, की समजलेलं सगळं जातं. मला नवराच दिसायला लागला.

पोरीला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो, रक्त, सगळं. डॉक्टरीन तरुन व्हती, हसत बाहेर आली, म्हनली, साधी सर्दी आहे, छाती स्वच्छ आहे. संदेश भिंतीला टेकला. पन प्रज्ञा तिथं बाकड्यावर बसून म्हनली, बास झालं, मी उद्या सांगून येते, सोडते. मी म्हनलं, ऐक बाई. ह्याच्या बापानं एक गोळी चुकवली नाही, तरी का गेला, मला कोनी सांगितलं नाही. तू सोडलीस तर कोन सांगनार? संदेशनं ऐकलं. आनि त्याच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी पोरीची पिशवी त्यानंच खांद्याला लावली, तिला घेऊन बसनं लॅबला गेला. खोलीतला पंखा खडखड करतो बघून तोबी खोलून दुरुस्त करून आला.

प्रज्ञाची परीक्षा झाली, ती शेवटची, सगळ्यांसमोर बोलायची असती ती. मी निळं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. सगळं इंग्लिश. मधीच ती थांबली आनि सरळ मराठीत म्हनली, औषध आलं की काही जंतू झोपून राहतात, मेल्यासारखे. औषध संपलं की उठतात. म्हणून गोळ्या न बुडवताही आजार परत येऊ शकतो. ती झोप कशी लागते, त्याचा एक धागा आम्हाला सापडलाय. एकच धागा, म्हनली. ताई, मी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं सुनेच्या कवतिकानं रडती. तेबी व्हतंच.

आता मैत्री बालवाडीत जाती. त्या खोलीत दुसरी दोन बाळं हायेत, एकाची आजी दहिसरवरून येती, मला फोन करती, पोर झोपंना, काय करू? प्रज्ञाला तिथंच नोकरी लागली. आनि पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावी जानार, सहा महिन्यांसाठी, खऱ्या जंतूवर काम शिकायला. भाऊबंद नाही, खरा. बंद लॅब असती, अंगभर कपडे, तोंडाला मास्क, सगळी काळजी घेतात म्हनती. संदेश म्हनला, जा, पोरीचं मी बघतो, आई हाये. पोरगी विचारती, मम्मी कधी येनार, अजून गेली पन नाही तर विचारती.

मला भीती वाटत नाही का? वाटती ना. घरात एक मानूस गेलंय, भीती कशी नाही वाटनार. पन काल ती कपडे भरत व्हती, मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, म्हनलं, जा माय. बिनघोर जा, आनि ताठ मानेनं काम कर. आमचं आम्ही बघू.