तीन नंबरचा वॉल

मंडळी, नमस्कार. सलाम. दाराशी उभे आहात त्यांनी आत या. पुढच्या रांगेतल्या या खुर्च्या गनीभाईंच्या माणसांसाठी आहेत. ज्यांनी हार आणलाय त्यांनी थोडं सरकून बसावं.

मला आज बोलायला जड जातंय. मी या गावच्या नगरपालिकेत कार्यालय अधीक्षक होते. निवृत्त होईपर्यंत सगळे माझ्या तोंडाला टरकून असायचे. पण काल रात्रीपासून विचार करतेय, सुरुवात कशी करायची. गनीभाईंना 'होते' म्हणायला जीभ वळत नाही.

गनीभाई म्हणजे आपले पाणी सोडणारे. बाजारगल्लीला, मोमीनपुऱ्याला आणि तांड्याकडच्या वस्तीला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. पुढच्या रांगेतल्या काही जणांना मात्र द्यावी लागेल, कारण त्यांच्या घरी बोअर आहे. खांद्यावर पाण्याच्या लाईनचे वॉल फिरवायची ती लांब लोखंडी चावी टाकून सायकलवरून जाणारा माणूस, तो गनीभाई. तीस वर्षं या गावाच्या नळाला पाणी आलं ते त्यांच्या हातानं.

त्यांची एक पद्धत होती. वॉल उघडला की खिशातून स्टीलचा पेला काढायचे. कोपऱ्यावरच्या पहिल्या नळाखाली धरायचे. वास घ्यायचे, एक घोट प्यायचे, मगच पुढचा वॉल. मी एकदा विचारलं होतं, "गनीभाई, रोज काय चव बघता? जिलेबी आहे का?" तर म्हणाले, "म्याडम, उस्तादनं शिकिवलंय. पान्याचं तोंड आपुन आधी बघायचं. मंग लोकायला."

एवढंच. तीस वर्षं, रोज, एक घोट.

आता मी तुम्हाला सांगते ते कसे गेले. आणि यात माझंही नाव येणार आहे, ते मी वगळणार नाही.

या उन्हाळ्यात तुमच्या गल्ल्यांत उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी तांड्याकडे, मग मोमीनपुऱ्यात. सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन माणसं होती, व्हरांड्यात सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला टांगल्या होत्या. डॉक्टर ओरडून सांगत होते, पाणी बघा, पाणी बघा. पाणी गनीभाईंनी आधीच बघितलं होतं. ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला नाही.

"म्याडम, तीन नंबरच्या पान्याला वास येऊन राहिला. नालीचा. लाईन नव्या सिमेंट रस्त्याखाली फुटली, बराबर नालीच्या बाजूला. मी वॉल बंद करून टाकतो."

मी काय म्हणाले असेन? ऐका. मी म्हणाले, "बंद करू नका."

मी म्हणाले, "लेखी आदेशाशिवाय तीन गल्ल्यांचं पाणी बंद केलं तर निलंबित व्हाल. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. उद्या सर्वसाधारण सभा आहे. रस्ता फोडायला सभेची मंजुरी लागते. अर्ज करा. मी लिहून देते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुमी म्हनता तर बराबर असंल." अर्ज मी लिहिला. सुंदर लिहिला. मी नन्सच्या शाळेत शिकलेली बाई. आमच्या सिस्टर म्हणायच्या, कागदावर ठेवलेला प्रत्येक शब्द स्वच्छ पाहिजे. शब्द स्वच्छ होता. पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सभागृहात मागच्या बाकावर बसलो. या सभागृहात मी इतकी वर्षं सभेचं इतिवृत्त लिहिलं. काय बोललं गेलं यापेक्षा काय लिहायचं हे मला जास्त माहीत. तेव्हा आज मी जे सांगते ते इतिवृत्तात सापडणार नाही. शोधू नका.

पहिला विषय दुखवट्याचा. कुण्या एका सदस्याच्या मावससासूबाई वारल्या होत्या. सगळे उभे राहिले. दोन मिनिटं. एक जण उभ्याउभ्या मोबाईल बघत होता. तांड्यावरच्या शेवंताबाई दोन दिवसांपूर्वी याच पाण्यानं गेल्या होत्या, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर पाण्याचंही घ्यावं लागलं असतं ना?

दुसरा विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. कायम झालं. तिसरा विषय, दुभाजकात कोणती झाडं लावायची. पामची की बोगनवेल? यावर दोन नगरसेवकांची बोलाचाली झाली. पाम पाहिजे म्हणणाऱ्यांच्या मेव्हण्याची नर्सरी आहे, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

चौथा विषय, स्वागत कमान.

मंडळी, कमानीवर किती वेळ गेला असेल? भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं. काटा पूर्ण फिरून आला. कमान किती उंच असावी? एक म्हणाला, मिरवणुकीचा डीजे खालून गेला पाहिजे. दुसरा म्हणाला, डीजेवर आमची पोरं उभी असतात, त्यांची उंची धरा. तिसरा म्हणाला, हातात झेंडा असतो, झेंड्याची उंची धरा. मग सगळे हसले. टेबलावर प्रत्येकासमोर सीलबंद पाण्याची बाटली. हसता हसता झाकण फोडायचे, घोट घ्यायचे, परत हसायचे.

त्या वेळी मला शिसारी आली. तोंडात नालीची चव आल्यासारखं झालं, आणि मी तर तीन नंबरचं पाणी पीतही नाही.

आणि आता हे ऐका. कमानीच्या खांबांसाठी त्याच नव्या रस्त्याच्या दोन्ही कडा फोडायला मंजुरी मिळाली. तिथेच, लगेच, हात वर करून, एकमतानं. पाण्याच्या लाईनसाठी जो रस्ता फोडता येत नव्हता, तोच. कमानीसाठी रस्ता फुटतो, लेकरांसाठी फुटत नाही.

गनीभाई उठले. त्यांच्याकडे एक बाटली होती. तीन नंबरचं पाणी भरलेलं. ते पुढे गेले आणि बाटली टेबलावर ठेवली. पाणी गढूळही नव्हतं फारसं. किंचित पिवळट.

एक सदस्य म्हणाला, "काय चाचा, देशी आणली का?"

पुन्हा हशा.

गनीभाई म्हणाले, "सायेब, वास घेऊन बघा. तीन गल्ल्यातली लेकरं हागून-ओकून राहिली."

"आंबे खाऊन राहिले असतील चाचा, उन्हाळा आहे. तुमी काहून घाबरून राहिले?"

नगराध्यक्ष म्हणाले, अगदी गोड आवाजात, तुम्हाला तो आवाज माहीत आहे, "गनीभाई, बसा. तुमचा विषय विषयपत्रिकेवर नाही. ऐनवेळच्या विषयात घेऊ. शेवटी."

ऐनवेळचे विषय. ज्याची नोटीस आधी दिली नाही तो विषय सगळ्यात शेवटी घ्यायचा, अध्यक्षांच्या परवानगीनं. नियम आहे. नव्या सदस्यांना हा नियम कोण समजावून सांगायचं? मीच. कॉलऱ्यानं आधी सात दिवसांची नोटीस द्यावी, अशी अपेक्षा होती बहुतेक.

शेवट आलाच नाही. बाहेर भज्यांचा घाणा निघाला, वास आत आला. कुणीतरी म्हणालं, साहेब, भूक लागली. सभा तहकूब. पुढची तारीख कळवण्यात येईल. खुर्च्या सरकल्या. बाटली टेबलावरच राहिली. ती मी उचलली.

मुख्याधिकारी साहेब, तुम्ही जाता जाता माझ्याकडे वळून म्हणालात, "मॅडम, तुम्ही तर जाणता, प्रोसिजर." हो. जाणते. म्हणूनच आज मला स्वतःचीही किळस येते.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरची पाळी होती. आदेश नव्हता, म्हणून गनीभाईंनी वॉल उघडला. आणि पेला काढला. मी सकाळी मुद्दाम कोपऱ्यावर गेले होते. मी म्हणाले, "अहो, वास येतोय ना? मग आज तरी पिऊ नका."

ते म्हणाले, "लोकं पिऊन राहिली म्याडम. म्या न पिता सोडू का?"

प्यायले. मग सायकल काढली आणि गल्लीगल्लीत ओरडत फिरले, "उकळून प्या वो माय, उकळून प्या!" तांड्यावरच्या एका बाईनं विचारलं, "चाचा, चुलीला लाकडं तुमी आणून देता का?" तर त्यांनी दुपारी सायकलला मोळी बांधून नेऊन दिली. ती बाई इथं बसली आहे. हो ना गं? मान हलव, रडू नको.

तिसऱ्या दिवशी ते आडवे झाले. हिंगोलीला नेताना वाटेत गेले. त्यांची लेक नसरीन सोबत होती. ती सांगते, गाडीत शुद्ध हरपत होती तरी अब्बा एकच विचारत होते, "तीन नंबरचा वॉल बंद केला का?" तिनं काय सांगायचं? ती खोटं बोलली. हो म्हणाली.

तर असा गेला आमचा गनीभाई. आता पालिकेनं काय केलं ते ऐका. परवा आस्थापनेतला नवा लिपिक माझ्याकडे आला. बिचारा चांगला आहे. म्हणाला, "म्याडम, पुढच्या सभेत दुखवट्याचा ठराव घ्यायचा आहे. तुमचं मराठी चांगलं, तेवढा मसुदा बघून द्या."

मसुद्यात लिहिलं होतं, "अल्पशा आजाराने निधन झाले."

अल्पशा! त्या आजाराला नाव आहे. त्या पाण्याला वास आहे. ती लाईन कुठं फुटली तिथला रस्ता मी डोळे झाकून दाखवते. यात अल्प काय होतं? तुमची लाज. तेवढीच अल्प होती. मी तो शब्द खोडला आणि कागद परत दिला.

आणि आज इथं माझ्या आधी नगराध्यक्ष बोलले. त्यांनी जाहीर केलं की स्वागत कमानीला गनीभाईंचं नाव देणार. टाळ्या वाजवायला दोन-चार जणांनी हातही उचलले. शोकसभेत. नसरीननं निरोप पाठवला होता, फोटो नको, हार नको, आमच्यात चालत नाही. तरी एवढा मोठा हार आला. कारण हाराबरोबर फोटो काढता येतो.

अध्यक्ष महोदय, त्या माणसाचं नाव कमानीवर लिहू नका. त्यानं मागितलं होतं ते द्या. रस्ता फोडा. लाईन बदला. अजून बदललेली नाही, आज या क्षणापर्यंत नाही. गनीभाई आडवे झाल्यापासून वॉल उघडाच पडला होता, काल संध्याकाळपर्यंत लोक तेच पाणी भरत होते.

काल संध्याकाळपर्यंत.

आज सकाळी नसरीन आणि मी कोपऱ्यावर गेलो. तिच्या हातात अब्बाची चावी होती. झाकण उचललं. वॉल जड आहे हो. दोघींनी मिळून आडवा दांडा धरला, मी या बाजूनं, ती त्या बाजूनं, आणि फिरवत गेलो. माझे गुडघे मला शिव्या देत होते. पण बसला. पूर्ण बसला.

लेखी आदेश घेतला नाही. ऐनवेळचा विषयही नाही. मला निलंबित करायचं असेल तर करा, पण मी निवृत्त आहे, आधी परत कामावर घ्यावं लागेल.

तांडा, मोमीनपुरा, बाजारगल्ली, तुम्हाला तकलीफ होणार आहे. शाळेच्या विहिरीवरून घागरी आणाव्या लागतील. आणा, आणि उकळून प्या. टँकर मागायला सगळ्यांनी उद्या माझ्याबरोबर चला, घागरी घेऊनच चला. आणि साहेब, चावी कुठं आहे ते विचारू नका. रस्त्यात खड्डा पडलेला दिसला, नवी लाईन दिसली, की नसरीन स्वतः आणून देईल. त्याआधी नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं. घड्याळ मी बघते. मोबाईल खिशात. शेवंताबाईंसाठीही उभे राहा, त्या दिवशी राहून गेलं होतं. ती बाटली मी इथं टेबलावर ठेवली आहे. पुढच्या रांगेनं मान खाली घालायची नाही, तिच्याकडे बघायचं.

गनीभाई, सलाम. तुमची लेक त्या गाडीत खोटं बोलली नव्हती, फक्त आम्हाला उशीर झाला.

तीन नंबरचा वॉल बंद केलाय.