पडद्यावरची सरळ रेघ

नव्या कॉम्प्युटरचं कौतुक मला सांगू नका. शहाण्णव साली तळवलीतल्या एका आजोबांनी शेजारच्या कंपनीच्या आवाजाची तक्रार केली होती. मोजायला प्रदूषण खात्यातून मी आणि आमचे साहेब आजोबांच्या घरी गेलो. कॉम्प्युटर साहेबांनी हट्टाने घ्यायला लावलेला, नवाकोरा. आवाज मोजायचा प्रोग्राम मात्र जुना, डॉसचा. नवं साउंडकार्ड तो ओळखेचना. तीन तास खटपट केली, तरी पडद्यावर आपली सरळ रेघ.

"साहेब, उद्या जुना कॉम्प्युटर घेऊन येऊ," मी म्हणालो.

"काय? मोठ्याने बोल, ऐकू येत नाय!" कंपनीच्या धडधडीत साहेब कानाला हात लावून म्हणाले.

आजोबा खूश झाले. "आता पटला ना साहेब, किती आवाज हाय त्यो?"

साहेब माझ्या कानाशी येऊन ओरडले, "रिपोर्टमध्ये लिही, आवाज आढळला नाही!"

लिहिलं. खाली सही माझीच आहे.