मागचं गाऱ्हाणं

युती झाल्याचं आपल्याला मोबाइलवर कळतं हो, देवाला कोण सांगणार? यंदा विधानसभेला दोन्ही पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला. संगमेश्वराकडे आमच्या गावी तो ग्रामदेवतेला नारळ ठेवायला आला. गुरव त्याच्या विजयासाठी देवाला गाऱ्हाणं घालणार, तेवढ्यात आमचे अण्णाकाका, युतीतल्या दुसऱ्या पक्षाचे जुने कार्यकर्ते, पुढे झाले.

"थांब रे, आधी मागचं मोकळं करू. देवा महाराजा, गेल्या निवडणुकीला ह्याला पाड म्हणून मीच नारळ दिला होता. तू पाडलासही. आता हा आमचाही झालाय, तर ते गाऱ्हाणं सोड."

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. सगळे उमेदवाराकडे बघू लागले. शेवटी उमेदवारच हात जोडून म्हणाला, "व्हय महाराजा."