घरी हर्निया सांगा

मी मूळचा यवतमाळकडचा, पुण्यात सव्वीस वर्षं झाली, इथलं बोलणंही आलं, पण राग आला की तोंडातून काऊन बे निघतंच आणि हल्ली ते रोज निघतं. एका दवाखान्यात ड्रेसर आहे मी. जखम धुणं, पट्टी बदलणं, टाके काढणं. डॉक्टर कापून मोकळे होतात, पुढचं सगळं माणूस माझ्याशी बोलतो.

तर काय सांगू तुम्हाला, त्यात सुंतेचे पेशंटही असतात. धर्मामुळे होते ती लहानपणीच होऊन जाते, माझ्याकडे येतात ते पन्नाशीतले, साखर वाढलेली, पुढची कातडी चिरते, आवळते, मागं सरत नाही, मग डॉक्टर म्हणतात काढून टाकू. हे ऐकलं की आपला माणूस दुखेल का विचारत नाही, घरी काय सांगू विचारतो. माझं उत्तर तयार, घरी हर्निया सांगा. कोथरूडचे एक निवृत्त मास्तर तर म्हणाले, अहो, कागदावरही तसंच लिहिता येईल का. मीच पाडलेली पद्धत आहे ही, कुणाला दोष देऊ?

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे जावई, येरवड्यात राहतात, नागपूरची ट्रॅव्हल्स चालवतात. बाहेर बायांकडे जातात, हे मला माहीत होतं. एकदा नको ते दुखणं घेऊन आले तेव्हा मीच गुपचूप डॉक्टर गाठून दिला होता. त्यांनाही साखर, त्यांच्यावरही हीच वेळ आली आणि बहिणीला मीच फोन केला, म्हटलं हर्निया आहे, घाबरू नको.

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं, मी तिथंच उभा होतो. कातडीच्या आत ओल राहते, हवा लागत नाही, तिथं हवेशिवाय जगणारे जंतू वाढतात, त्यांच्याशी लढायला शरीर आपल्या पेशी तिथं गोळा करतं आणि एचआयव्हीचा विषाणू नेमका त्याच पेशींना धरतो. कातडी गेली की जागा कोरडी राहते, जंतू कमी, पेशींची गर्दी कमी, म्हणून बाईकडून पुरुषाला लागण होण्याचा धोका कमी. कमी म्हणाले हो, बंद नाही म्हणाले. निरोध वापरायचाच म्हणाले, आणि लागण झालेल्या नवऱ्यापासून बायकोला याचा आधार नाही, हेही म्हणाले. जावयांनी एवढं मोठं बोलणं ऐकलं आणि त्यातला एक शब्द घरी नेला, कमी.

जखम भरल्यावर मला म्हणतात, मेहुणे, आता आपण निर्धास्त, निरोधाची कटकट गेली. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, तीनदा सांगितलं. तपासणी करून घ्या म्हटलं तर म्हणाले, ऑपरेशन झालेल्या माणसाला तपासणी कशाला? आता या माणसाला काय सांगायचं, सांगा तुम्ही. डोकं फिरलं माझं.

मग बहिणीला सांगायला गेलो. ती मेथी निवडत होती. मी सुरुवात केली, हर्नियाच्या ऑपरेशननंतर काय असतं, आणि तिथंच अडकलो, कारण हर्नियातून एचआयव्हीवर जायचं कसं? माझंच खोटं मला आडवं आलं. ती मान खाली घालूनच बोलली. दादा, मी त्यायची बायको आहो, हर्निया कुठं रायते एवढं मले समजत नाही का? तू दवाखान्यातला माणूस, धोका असता तर तू सांगतलं असतं, असंच धरून होती मी.

मग मी सगळं खरं सांगितलं, जावयांचं बाहेरचंही. दुसऱ्या दिवशी तीच आली तपासायला, एकटी. रिपोर्ट चांगला आला, पण नवी लागण लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. जावई अजून आले नाहीत, तिनं स्वतःच अंथरूण वेगळं केलंय. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

परवा एक नवा पेशंट आला, म्हणाला घरी काय सांगू. म्हटलं, खरं सांगा, बायकोला सोबत आणा, दोघंही ऐका. त्यानं जाऊन डॉक्टरांकडे माझी तक्रार केली. करू दे. त्याच्या बायकोला देव सुखी ठेवो.