मार्थाला शांती मिळाली

माझी भुताची कादंबरी का रखडली, विचारताय ना? लिहायला म्हणून वटार गावी केळीच्या वाडीत खोली घेतली होती. दुपारी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचो, आणि विहिरीत जीव दिलेली माझी मार्था ओल्या केसांनी केळींमधून चालत यायची. मला खरंच दिसायची.

मग ती यायचीच बंद झाली. घरमालकीण रोझीमावशींना सांगितलं.

"कशी येईल? रोज ऐकून मला तिची दया आली. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी मेलेल्यांच्या प्रार्थनेसाठी फादरना तिचं नाव दिलं. शांती मिळाली तिला."

"मावशी, ती कादंबरीतली होती. आता मी लिहू काय?"

मावशी उन्हात सुकवायला घातलेली केळी उलटत म्हणाल्या, "दुसरी मार. फक्त शनिवारच्या आत मार, म्हणजे नाव देता येईल."