जिवाला धोका

आपलं म्हणणं सरकारला पटलं की काय होतं, ते मी लोणावळ्याजवळच्या औंढ्यात पाहिलंय. ऐका.

वस्तीच्या वरच्या अंगाला एका बिल्डरने बंगल्यांसाठी डोंगर फोडायला घेतला होता. पावसात दरड थेट सखूमावशींच्या गोठ्यावर आली आणि त्यांची दुभती म्हैस गाडली गेली. मी लोणावळ्यात शाळामास्तर. सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊन मी लोकांना एकत्र केलं, बैठका घेतल्या, तहसीलवर मोर्चा नेला. शेवटी तहसीलदार साहेब स्वतः पाहणीला आले.

मावशी त्यांना म्हणाल्या, "सायेब, आज म्हस गेली, उद्या आमी जाऊ. त्यो डोंगर फोडायचा थांबवा."

साहेबांनी घरोघरी फिरून भिंतींच्या भेगा पाहिल्या. म्हणाले, "मावशी, तुमचं अगदी बरोबर आहे. इथे जिवाला धोका आहे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर पेढे वाटले.

थोड्याच दिवसांत तलाठी आदेश घेऊन आला. वस्ती धोकादायक ठरली होती, सगळ्यांनी घरं रिकामी करायची.

मावशींनी विचारलं, "आन वरचं काम?"

"त्याला परवानगी आहे, मावशी."

परवा त्या कार्ल्याला भेटल्या. आता लेकीकडे राहतात. वर बंगले उभे राहिलेत.

मला म्हणाल्या, "सर, डोंगर थांबवा म्हनलं व्हतं आमी. आमाला हलवा म्हनून कोन बोललं व्हतं?"